अभ्रकाचा दाखला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी जन्मतारीख 1 जून 1967 आहे. शाळेच्या दाखल्यावर तसे लिहिले आहे आणि सरकारदरबारी तेच खरे. माझ्या थोरल्या भावाची जन्मतारीखही 1 जून 1967 आहे. आम्ही जुळे नाही. आमच्यात अडीच वर्षांचे अंतर आहे. वडिलांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी शाळेत नेले. गुरुजींनी आमचा हात डोक्यावरून घेऊन कानाला लागतो का ते पाहिले. भावाचा लागला, माझा लागल्यासारखा झाला. मग त्यांनी दोघांच्या नावापुढे एकच तारीख टाकली. त्या वर्षी पहिलीच्या वर्गात 1 जूनला जन्मलेली मुले किती होती, ते मोजले तर जनगणनावाल्यांना घाम फुटावा.

अम्मीचा हिशेब वेगळा. ती सांगते, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू पोटात होतास. 11 डिसेंबर 1967, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे. रमजान चालू होता. कराडजवळच्या आमच्या घरात सहरीची चूल पेटलेली होती, तवा चुलीवरून घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेला, आणि अम्मी एका हाताने पोट आणि दुसऱ्या हाताने भावाला धरून अंगणात धावली. पुढे बकरीईदेच्या दुसऱ्या दिवशी मी जन्मलो, म्हणजे मार्च 1968. गंमत बघा, भूकंपाच्या वेळी मी शाळेच्या हिशेबानेही सहा महिन्यांचा आणि अम्मीच्या हिशेबानेही सहा महिन्यांचाच. एकीकडे पाळण्यात, दुसरीकडे पोटात.

31 मे 2025 रोजी आम्ही दोघे भाऊ आपापल्या कचेऱ्यांतून एकाच दिवशी निवृत्त झालो. भावाला नोकरीची दीड वर्षे जास्त मिळाली, माझे दहा महिने बुडाले. घरी बिर्याणी झाली, हार झाले, आणि मी सवयीने त्या दाखल्याच्या नावाने बोटे मोडली. त्यावर भावाची मुलगी म्हणाली, "चाचा, दाखला खोटा नाही हो. तो तुमच्या जन्माचा नाही, एवढंच. तुम्ही शाळेत बसलात त्या दिवसाचा आहे तो." ती भूशास्त्र शिकते. पुढे म्हणाली, "माझ्या अभ्रकाचंही असंच असतं."

मी बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. दगडाशी माझा संबंध ठेच लागण्यापुरता. पण अभ्रक म्हटल्यावर कान टवकारले. अभ्रक ओळखीचा होता. लहानपणी मोहरमच्या ताबुताला बेगडीबरोबर अभ्रकाचे तुकडे डकवलेले पाहिले होते. रात्री मशालीच्या उजेडात ते लुकलुकायचे. घरची इस्त्री बिघडली की वायरमन तिच्या पोटातून जळकट, पारदर्शक पत्रा काढायचा, तोही अभ्रकच. नखाने सोलावे तितके पापुद्रे सुटत जातात आणि शेवटचा पापुद्रा कधी हाती लागतच नाही. नावही कसे आहे पाहा. अभ्र म्हणजे मेघ. ज्याने कुणी हे नाव ठेवले त्याला या दगडात वायू कोंडलेला असतो हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तरी नाव बरोबर बसले.

त्या वायूचे नाव अरगॉन. 1894 साली रॅले आणि रॅम्झी या दोन शास्त्रज्ञांनी तो हवेत शोधून काढला. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ आळशी. कुणाशी जुळत नाही, कुणाशी भांडत नाही. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात जवळपास एक टक्का अरगॉन असतो आणि तो आला तसा बाहेर जातो. एवढा हा आळशी वायू हवेत आला कुठून? तर पृथ्वीच्या पोटातून, दगडांतून. पोटॅशियम हे मूलद्रव्य मिठासारखे सगळीकडे पसरलेले आहे. त्याच्या दहा लाख अणूंपैकी साधारण 117 अणू अस्थिर असतात. त्यांना पोटॅशियम-40 म्हणतात. हे अणू हळूहळू मोडतात. किती हळू? निम्मे मोडायला सुमारे 125 कोटी वर्षे लागतात. मोडलेल्या शंभरातले एकोणनव्वद कॅल्शियम होतात आणि उरलेले अकरा अरगॉन-40. हवेतला अरगॉन असा पोटॅशियमपासून आला असावा हे फॉन वाइत्सेकर यांनी 1937 साली सुचवले. 1948 मध्ये ऑल्ड्रिच आणि नीर यांनी पोटॅशियम असलेल्या जुन्या खनिजांत हा अरगॉन खरोखरच साचलेला दाखवून दिला.

आता अभ्रकाकडे या. पापुद्र्यांच्या दोन थरांमध्ये पोटॅशियमचे अणू गच्च बसलेले असतात. पांढऱ्या अभ्रकात, ज्याला मस्कोव्हाइट म्हणतात, वजनाच्या जवळपास दहावा हिस्सा पोटॅशियम असतो. त्यातला एखादा अणू मोडला की त्याच जागी अरगॉनचा एक अणू तयार होतो, आणि तो थरांमध्ये अडकून पडतो. किती पोटॅशियम आहे ते मोजा, किती अरगॉन साचला ते मोजा, की वय निघाले. मीही पुतणीला तेच म्हणालो, "म्हणजे दगडाचा जन्म कळला." ती म्हणाली, "नाही ना चाचा. तिथंच तर सगळे फसतात."

तिच्या टेबलावर हिमालयातून आणलेला एक दगड होता. चपटा, पापुद्र्यापापुद्र्यांचा, मध्ये लाल गार्नेटचे मणी. हा रूपांतरित खडक. कधीकाळी तो समुद्राच्या तळाचा चिखल होता. पुढे भूखंडांच्या धडकेत सापडून खोल गेला, तापला, दाबला गेला, आणि चिखलातून अभ्रक आणि गार्नेट जन्मले. आपल्या महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी लाव्ह्याचा काळा दगड. रूपांतरित खडक पाहायचे तर सिंधुदुर्गाकडे नाहीतर भंडारा-गोंदियाकडे जावे लागते. या खडकाने एकच जन्म घेतलेला नसतो. त्याला वय विचारायचे, तर कोणत्या घटनेपासूनचे वय, हे आधी ठरवावे लागते.

अभ्रक जोवर फार तापलेला असतो तोवर त्यात तयार झालेला अरगॉन टिकत नाही. अणू चुळबुळत कडेला येतो आणि निसटतो. आमच्या कराडकडच्या लोकांना गुऱ्हाळाचे उदाहरण लगेच कळेल. काहील उकळत असते तोवर बुडबुडे येतात आणि फुटतात. वाफ्यात ओतून गूळ थंड झाला की जो बुडबुडा आत राहिला तो ढेपेतच राहतो. ढेप फोडून त्या बुडबुड्यांवरून तुम्ही गूळ कधी थिजला ते सांगाल, ऊस कधी लावला ते नाही. उपमा पूर्ण जुळत नाही, कारण अभ्रक काही पातळ नसतो, तो तापलेला असतानाही घट्टच असतो. पण बाब तीच आहे. एका तापमानाखाली उतरला की अभ्रकाची दारे बंद होतात आणि मोजणी सुरू होते. पांढऱ्या अभ्रकासाठी हे तापमान ढोबळ मानाने 400 अंशांच्या आसपास, काळ्या अभ्रकासाठी, म्हणजे बायोटाइटसाठी, 300 च्या आसपास. कण किती मोठा, खडक किती वेगाने थंड झाला, यावर ते थोडे मागेपुढे होते. मार्टिन डॉडसन यांनी 1973 साली याचे गणित मांडले. पण आल्प्समधल्या अभ्रकांची वये ही खडक निवल्याची वये आहेत, हे त्याआधीच बर्न विद्यापीठातल्या एमिली येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले होते.

एकदा हे पटले की ज्याला दोष म्हणत होतो तेच कामाचे ठरते. जमिनीत खाली जाल तसे तापमान वाढते, सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला 25 ते 30 अंशांनी. म्हणजे 400 अंशांचा अभ्रक तेरा-पंधरा किलोमीटर खोल असतो. तो आज डोंगरमाथ्यावर उघडा पडलेला दिसत असेल, तर त्याच्यावरचे तेवढे ओझे कुठेतरी वाहून गेले आहे. एकाच दगडातला पांढरा अभ्रक एक तारीख सांगतो, काळा दुसरी. दोहोंमधली वर्षे म्हणजे शंभर अंश निवायला लागलेला काळ. डोंगर किती वेगाने वर आला, ते यातून समजते. झंस्कर आणि गढवालच्या उंच भागातल्या पांढऱ्या अभ्रकांची अनेक वये दोन कोटी वर्षांच्या आगेमागे येतात. नंगा पर्वतावर मात्र काळ्या अभ्रकाची वये काही ठिकाणी तीस लाख वर्षांहूनही कमी आहेत. पर्वतांच्या हिशेबात हे कालचे पोर. तिथले खडक अजून धापा टाकत वर येत आहेत.

मोजायचे कसे, हेही पुतणीने सांगितले. पूर्वी पोटॅशियम एका तुकड्यात मोजत आणि अरगॉन दुसऱ्या तुकड्यात. दोन तुकडे सारखे नसले की घोटाळा. यावर तोड निघाली 1960 च्या दशकात. अभ्रकाचे कण अणुभट्टीत ठेवायचे. वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्याने साध्या पोटॅशियमच्या, म्हणजे पोटॅशियम-39 च्या, काही अणूंचा अरगॉन-39 होतो. आता पोटॅशियम मोजायलाच नको. अरगॉन-39 हा त्याचा मुखत्यार. एकाच वायूत दोन्ही आकडे मिळतात. ही रीत क्रेग मेरीह्यू आणि ग्रेनव्हिल टर्नर यांच्या नावाने 1966 साली छापून आली. तोवर मेरीह्यू हयात नव्हते. 1965 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर बर्फ चढताना त्यांचा मृत्यू झाला होता. दगडाचे वय मोजण्याची इतकी देखणी युक्ती शोधणारा माणूस स्वतः अगदी तरुण वयात एका डोंगरावर गेला, हे ऐकले तेव्हा मी थोडा वेळ गप्प झालो.

बाकीचे काम चिकाटीचे. दगड फोडायचा, चाळायचा, सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक स्वच्छ पापुद्रा निवडायचा. तांदूळ निवडण्यासारखेच, पण एक खडा राहिला तरी महिन्यांची मेहनत वाया. पापुद्रे अॅल्युमिनियमच्या वर्खात गुंडाळून, सोबत ज्याचे वय आधीच पक्के ठाऊक आहे असे खनिज साक्षीदार म्हणून ठेवून, भट्टीत पाठवायचे. कोलोरॅडोतल्या फिश कॅन्यनचे 2 कोटी 82 लाख वर्षांचे सॅनिडिन हा जगभरचा नेहमीचा साक्षीदार. परत आले की किरणोत्सर्ग उतरेपर्यंत थांबायचे. मग निर्वातात टप्प्याटप्प्याने तापवायचे, आधी कमी, मग जास्त. प्रत्येक टप्प्याला सुटलेला वायू शुद्ध करून त्यातले अरगॉनचे समस्थानिक वेगवेगळे मोजायचे. हवेतला अरगॉन चोरपावलांनी शिरलेला असतोच. तो पकडायला अरगॉन-36 उपयोगी पडतो, कारण हवेत त्याच्या एका अणूमागे अरगॉन-40 चे सुमारे 298 अणू असतात. तेवढे वजा करायचे.

मला सगळ्यात आवडली ती डगशाईची गोष्ट. हिमाचलात कसौलीजवळ डगशाई आणि सुबाथू अशी दोन छावणीची गावे आहेत. तिथल्या खडकांना याच गावांची नावे दिली आहेत. सुबाथूचे थर समुद्रातले, त्यांत सागरी जीवांचे अवशेष सापडतात. त्यावर डगशाईचे तांबडे थर, नद्यांनी आणून टाकलेले. त्यात जीवाश्म फारसे नाहीत, त्यामुळे त्यांचे वय सांगणे कठीण. समुद्र हटला आणि लगेच नद्या आल्या, मध्ये खंड नाही, असे बरेच जण धरून चालत. 1997 साली यानी नज्मन आणि सहकाऱ्यांनी डगशाईच्या वाळूतले अभ्रकाचे एकेक कण लेझरने तापवून मोजले. या कणांनी पर्वताच्या पोटात दारे बंद केली होती, मग वर येऊन, झिजून, नदीतून वाहत ते इथे पडले होते. जो कण 2 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी निवला, तो ज्या थरात सापडला तो थर त्याहून जुना असू शकत नाही. म्हातारीच्या गाठोड्यात 1972 सालचे नाणे निघाले, तर ते गाठोडे 1972 च्या आधी बांधलेले नाही, इतके सरळ. म्हणजे सुबाथूचा समुद्र गेल्यावर डगशाईच्या नद्या येईपर्यंत एक कोटीहून जास्त वर्षांची पाने कोरीच होती. वाळूतल्या चमचमत्या कणांनी ते दाखवून दिले.

इथवर अभ्रक गुणी वाटला असेल. पण तो चुकवतोही, आणि चुकवतो तेव्हा मोठ्या सफाईने.

इटलीत आल्प्सच्या पश्चिम भागात डोरा माइरा नावाचा पट्टा आहे. 1984 साली ख्रिश्चन शोपँ यांना तिथल्या गार्नेटमध्ये कोएसाइट सापडले. हे गारगोटीचे असे रूप की जे फक्त प्रचंड दाबाखाली होते. अर्थ असा, की जमिनीवरचा साधासुधा खडक जवळपास शंभर किलोमीटर खोल जाऊन परत वर आला होता. हे कधी घडले? तिथल्या पांढऱ्या अभ्रकाने सांगितले, दहा कोटी वर्षांपूर्वी, काही कणांनी त्याहूनही मागची तारीख दिली. पश्चिम आल्प्समधले उच्च दाबाचे प्रकरण साधारण त्याच काळातले, असे तेव्हा बहुतेकांचे मत होते. आकडे नीटनेटके येत, म्हणून शंका येत नव्हती. मग त्याच खडकांतल्या झिरकॉनची वये युरेनियम-शिसे पद्धतीने काढली गेली आणि उत्तर आले, सुमारे साडेतीन कोटी वर्षे. दहा आणि साडेतीन! डायनोसोर पृथ्वीवर होते की नव्हते, एवढा फरक. 1995 साली आर्नो आणि केली यांनी दाखवले की डोरा माइराच्या अभ्रकात जादा अरगॉन होता, स्वतः न कमावलेला. हा खडक मुळात सुमारे 27 कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट. तेवढ्या काळात त्यात भरपूर अरगॉन तयार झाला होता. खोल गेल्यावर तो बाहेर पडायला हवा होता. पण पाण्याचा अंश असता तर त्याबरोबर वाहून गेला असता, आणि हा खडक तर कोरडा ठणठणीत. जायला वाटच नाही. नवा अभ्रक घडला तो जुन्या घरचा वायू पोटात घेऊनच.

याने झाले काय, तर आल्प्सचा हा सगळा अध्याय नव्याने लिहावा लागला. साडेतीन कोटी वर्षांपूर्वी शंभर किलोमीटर खोल असलेला खडक पुढच्या थोड्याच दशलक्ष वर्षांत वर आला असेल, तर तो वर्षाला काही सेंटिमीटर या वेगाने आला. पूर्वी कुणी इतका वेग धरला नव्हता. शास्त्रज्ञ मंडळी याला पद्धतीचे अपयश म्हणत नाहीत, हे मला विशेष वाटले. जादा अरगॉन सापडला, म्हणजे तिथे पाणी नव्हते हेही कळले, असे ते म्हणतात.

हिमालयातही हा त्रास आहे. काळा अभ्रक कमी तापमानाला बंद होतो, म्हणजे त्याचे वय पांढऱ्यापेक्षा कमी यायला हवे. पण वायव्य हिमालयात कितीतरी ठिकाणी एकाच दगडातला काळा अभ्रक पांढऱ्याहून जुना निघतो. धाकटा थोरल्याहून मोठा. पुतणीने हे सांगितल्यावर भाऊ आणि मी एकमेकांकडे पाहिले. आमच्या घरात ही गोष्ट समजावून द्यायची गरज नव्हती.

म्हणून एका अभ्रकाच्या शब्दावर आता कुणी विसंबत नाही. दोन अभ्रकांना विचारायचे, झिरकॉनला विचारायचे, अभ्रकाच्या कणाचे मधले आणि कडेचे वय वेगवेगळे लेझरने काढून पाहायचे, आणि ते पापुद्रे खडकात कोणत्या घडीच्या बाजूने वाकले आहेत, म्हणजे कोणत्या घडामोडीत जन्मले, तेही पाहायचे. पुतणीचे म्हणणे असे, की सूक्ष्मदर्शकाखाली दगड नीट न पाहता नुसता आकडा घेऊन येणारा माणूस म्हणजे दाखला पाहून सहीला अंगठा लावणारा कारकून. हा टोमणा मला होता की नाही, ते मी विचारले नाही. मी तीस वर्षे तेच केले आहे.

ही कामे परदेशातच होतात असे नाही. आपल्या पवईच्या आयआयटीत अरगॉन पद्धतीने वय काढण्याची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, आणि तिथले नमुने तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत ठेवल्याचे शोधनिबंधांत वाचायला मिळते. ज्या काळ्या दगडावर आपण घरे बांधली, लेणी कोरली, तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, हेही याच पद्धतीने पक्के होत गेले. तो लाव्हा होता, झटकन थंड झाला, त्यामुळे तिथे जन्म आणि निवणे यांत फारसे अंतर नाही. सरळ दाखला. रूपांतरित खडकाची कुंडली मात्र अशी एका ओळीत मावत नाही.

अम्मीला हे सारे मी सांगितले. ती आता ऐंशी ओलांडून गेली आहे. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "त्या दगडाला आई नव्हती का, इतके लोक लागले ते?" मग स्वतःच हसली आणि भूकंपाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. या वेळी तवा उंबऱ्यापर्यंत नाही, अंगणापर्यंत गेला. भावाला ती तेव्हा कडेवर घेऊन धावली की हाताला धरून, यावरही तिचे पूर्वीसारखे मत राहिलेले नाही. पण सहरीची चूल, पोटातला मी आणि बकरीईदेचा दुसरा दिवस, या तीन गोष्टी तिने कधी बदललेल्या नाहीत. मी त्या तिन्ही, तारखेसह, एका वहीत उतरवून खाली तिची सही घेतली आहे.

पुतणीचे पापुद्रे निवडून झाले आहेत. तिने ते वर्खात गुंडाळून, नंबर घालून पाठवले आहेत. भट्टीत जायला पाळी लागते, तिथून परत आल्यावर निवायला वेळ लागतो, मग यंत्राचा नंबर. तो गार्नेटचे मणी असलेला दगड, त्याचा उरलेला अर्धा भाग, तिने माझ्या टेबलावर ठेवला आहे. अधूनमधून त्याचा एखादा पापुद्रा सुटून माझ्या कागदांवर पडलेला असतो.